गाडीच्या कागदांतला मालक

थोरल्या,

तुमच्या परदेशच्या प्रवासासाठी सकाळी गाडी तयार करत होतो. चाकांत हवा भरली, स्टेपनी तपासली, गाडी बंद पडली तर मागे रस्त्यावर ठेवायला तिकडे लागतो तो लाल त्रिकोण डिकीत ठेवला. कागद नीट लावावेत म्हणून पुढचा कप्पा उघडला, तर सीमेवर दाखवायचा तुझा अर्ज हाती लागला. सूनबाईने साठीनंतर मला लिहायला-वाचायला शिकवलं, तसं अक्षराखाली बोट ठेवून वाचलं. ‘गाडीचे मालक: वडील. मयत.’

अक्षर तुझंच. माझंच वाचायला चुकतंय असं वाटलं, म्हणून तीनदा वाचलं. बराच वेळ स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिलो.

मालक हयात असला तर त्याचं संमतीपत्र लागतं, हे मला ठाऊक आहे. गाडी देशाबाहेर जाणार नाही, असं गेल्या महिन्यात मीच तावातावाने म्हणालो होतो. पण तो राग दुसऱ्याच दिवशी उतरला, नाहीतर आज पाना घेऊन खाली कशाला गेलो असतो? पुन्हा एकदा विचारायचंस की रे. खाल्लं असतं का मी तुला?

संमतीपत्रावर सही करायला कचेरीत जातोय. मालक समोर उभा राहिल्याशिवाय ते शिक्का मारत नाहीत, म्हणून मलाच जायला हवं. जेवायला थांबू नका. किल्ली खुंटीवर आहे. दुसरा गिअर अडतो, हळू टाक.

अर्ज टेबलावर ठेवलाय. त्या शब्दावर मी काट मारलेली नाही. ती तू मार.

बाबा