उलटे धावणारे दिवे

अकोला, २ मे १९६५
सकाळी तिन्ही दिवे शहाण्यासारखे चालले होते. पहिला विझला की दुसरा, दुसरा विझला की तिसरा, मग परत पहिला. दुपारी तिघंही एकदम लागले आणि लागून बसले, पंगत उठली तरी न उठणाऱ्या पाहुण्यांसारखे. थूः.
नानाभाऊ हसले. कॉलेज सोडल्यापासून त्यांच्याच रेडिओच्या दुकानात बसतो, त्यामुळे हसायचा हक्क त्यांचा. म्हणे, "मोटर लाव, तिच्यावर लाकडाचा ढोल फिरव, ढोलाले पितळी पट्ट्या ठोक. धावतेत का नाही दिवे पाह्य! तुले काहून पाह्यजे हे ट्रान्झिस्टर?"
ढोल! म्हणजे दर घटकेला खरखर, ठिणग्या, आणि शेजारच्या रेडिओत कडकड. नलूला शब्द दिलाय की काही फिरणार नाही, काही घासणार नाही. तीन ट्रान्झिस्टर एकमेकांना ठोका देत राहतील. बस.

३ मे
डोकं ठिकाणावर नाही. नलूच्या ताईचं लग्न सोळाला, अमरावतीला, त्यांच्या घरच्याच मांडवात. फाटकापासून बोहल्यापर्यंत धावत्या दिव्यांची माळ. काम मला नलूनेच मिळवून दिलं (वहीत आता नुसतं न.). वकीलसाहेबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, माझ्याबद्दल एवढंच ठाऊक आहे की शेजारी भाड्याने राहायचा तो मधुकर, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षातून पळाला. ताई गेली की पुढचा नंबर न.चा. पुण्याच्या एका स्थळाने आत्ताच फोटो मागवलाय.
न. म्हणाली, "बाबांना तुझं काम डोळ्यांनी पाहू दे. त्याच दिवशी मी बोलते."
आणि ते काम दुपारी दोनला मरतं. वा.

५ मे
तिन्ही ट्रान्झिस्टर बदलले. नागपूरच्या दुकानदाराला मनातल्या मनात नको नको ते बोललो. नवे लावले, तेच. सकाळी शहाणे, दुपारी मुर्दाड.
पुस्तक पुन्हा काढलं. सगळे आकडे पंचवीस अंशांचे. हा पंचवीस अंश कोणाच्या बापाच्या गावात असतो? इथे मे महिन्यात रांजणातलं पाणी कोमट निघतं! पुस्तक भिंतीवर फेकलं. शिवण उसवली.
मग चिडून सर्किटचा डबाच दुकानाच्या दारात नेला, वाळ्याच्या ताटीमागे ठेवला, ताटीवर बादलीभर पाणी मारलं. थोड्या वेळाने साहेब सुरू! एक, दोन, तीन, एक, दोन, तीन.
नानाभाऊ : "नवरदेव उन्हात, अन् डब्याले वाळ्याची ताटी! लगन कोनाचं हाय बे?"
हसलो नाही. मांडवात कुठून आणू ताटी.

८ मे
गळती. दुसरं काही नाही. ऊन चढलं की ट्रान्झिस्टर बंद असूनही आतून झिरपत राहतो. तिघंही झिरपले की कोणीच धड बंद होत नाही, मग ठोका कोण कोणाला देणार. आपल्या कॉलेजातल्या स्टाफरूमसारखं.
तिघांच्याही बेसला, म्हणजे ठोका घेणाऱ्या पायाला, वेगळा सेल लावून उलट्या बाजूने थोडा ताण दिला. बंद म्हणजे बंद. कपॅसिटर मोठे केले, ठोका संथ झाला. भर दुपारी डबा पत्र्यावर ठेवला. हात लावला तर तळवा भाजला, पण दिवे चालू. नानाभाऊंनी वर येऊन पाहिलं, परत जाताना शिडीवरून म्हणाले, "चालते लेका." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.
त्यांना मिठी मारावीशी वाटली. घामाचा वास आला म्हणून मारली नाही.

१० मे, अमरावती
वाचनालयात न. भेटली. दर वेळेसारखीच पेपरच्या लांब टेबलाशी, समोरासमोर, मध्ये कालचा पेपर. तिने पेपराच्या कोऱ्या कडेवर सर्किट काढलं, माझ्यापेक्षा सुबक. कुठली तार कुठल्या माळेला, सगळं विचारून घेतलं. बी.एस्सी.ला फिजिक्स फुकट घेतलेलं नाही. तिची बोटं पाहत होतो, काय विचारते तिकडे लक्ष नव्हतं. "मधू, तू ऐकून राहिला का?" मुद्दाम माझ्यासारखं वऱ्हाडी बोलते. जीव जातो.
निघताना म्हणाली, "एकच कर. त्या दिवशी कोणाशी भांडू नकोस."
मी काय भांडखोर आहे?

१६ मे
आहे.
लिहितानासुद्धा शिसारी येते. गोरज मुहूर्त. वऱ्हाड फाटकाशी यायला थोडा अवकाश. बॅटरी जोडली. दिवे धावले! मांडवभर पोरं ओरडली. वकीलसाहेब खांबाशी उभे, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. न. दारात. आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.
तेवढ्यात आत्याबाई. वकीलसाहेबांची थोरली बहीण, सगळं घर जिला वचकून असतं ती.
"काहून रे मध्या, हे दिवे कुकडे पळून राहिले? घरातून बाहेर! पोरगी तर जाऊनच राहिली, तिच्यामागं लक्ष्मीबी धाडतं काय रे बापा?"
बायका हसल्या. मग कोणीतरी हसायचं थांबलं, तशा सगळ्याच थांबल्या. कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली.
खरंच उलटे धावत होते. घाईत माळा जोडताना माझीच चूक. तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल केल्या की झालं. पान लावायलाही जास्त वेळ लागतो. पण पंधरा दिवस उन्हात भाजून घेतलं ते ह्यासाठी? दिवे धावतात हे कोणी पाहीना, कुठे धावतात ते पाहतात!
म्हणालो, "आत्याबाई, विजेला लक्ष्मी कळत नाही, फक्त तार कळते. तुम्हाला दोन्ही कळत नाहीत."
सनई वाजतच होती.
तेव्हा न. आली. जरीच्या साडीचा पदर खोचला, डब्याशी उकिडवी बसली, दोन तारा सोडल्या, फिरवून लावल्या. कोणाला न विचारता, एकदाही न चुकता. दिवे फाटकातून घराकडे धावायला लागले.
आत्याबाई म्हणाल्या, "हं! आता आली घरात."
वकीलसाहेब दिव्यांकडे पाहत नव्हते. न.कडे पाहत होते.
"हे तुला कोणी शिकवलं?"
"मधूने."
"कधी?"
फाटकात बँड वाजला. व्याही आले. सगळे धावले. तो "कधी" तिथेच राहिला.
जेवलो नाही. आग्रह करायला कोणी आलंही नाही.

१७ मे, अमरावती
सकाळी माळा उतरवायला गेलो. न जाऊन कसं चालेल, डबा तिथेच. आत्याबाई ओट्यावर सुपारी कातरत होत्या. मी वाकून नमस्कार केला. "तोंडाले कुलूप लाव," म्हणाल्या, आणि सुपारीचं खांड हातावर ठेवलं. चघळतो आहे. तुरट आहे.
शिडीवर चढलो. शेवटची माळ सोडत होतो तर शिडी हलायची थांबली. खाली पाहिलं. वकीलसाहेबांनी धरली होती.
"मधुकर, खाली या. बोलायचं आहे."
काल 'तू' होतो, आज 'या'. हे बरं की वाईट, कळलं नाही. म्हणालो, "एक बल्ब राहिलाय." राहिला नव्हता.
ते म्हणाले, "काढा. मी उभा आहे."
रिकाम्या बांबूवर हात फिरवत किती वेळ काढणार? उतरलो. तोंड उघडणार, तेवढ्यात आतून न. म्हणाली, "बाबा, आधी माझ्याशी." ते आत गेले. मला म्हणाले, "बसा. जाऊ नका."
ओट्यावर बसून लिहितो आहे. आधी नुसता त्यांचा आवाज होता. आता तिचा आहे, त्यांच्याहून मोठा. आत्याबाईंचा अडकित्ता थांबलाय. त्याही कान देऊन राहिल्यात. मला उठून आत जावंसं वाटतं, मध्ये पडावंसं वाटतं.
बसलो आहे. सुपारी चघळतो आहे, तोंडाला कुलूप.