उत्तरेच्या पायऱ्या

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. त्यातलं 'अनेक' रीतीपुरतं.

तुझी माणसं काल आली आणि उत्तरेच्या पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत बांधून गेली. आता खाडीला या बाजूने सरळ दगड आहे, वर कठडा, कठड्यावर दिवे. माझ्या पोहण्याच्या वर्गातली मुलं टॉवेल खांद्यावर टाकून भिंतीकडे बघत राहिली. मी त्यांना घरी पाठवलं.

लाकडाच्या वखारी होत्या तेव्हा सुटलेले ओंडके इथेच येऊन लागायचे. खाडी कोपरासारखी वळते आणि आत आलेलं सगळं उत्तरेला आणून टाकते. म्हणून पायऱ्या इथे. कमरेला दोरी बांधून तुलाही मी इथेच ढकललं होतं. आजोबांपासून आपल्या घरात सगळे असेच शिकले.

भिंत काढ. आशीर्वाद चालू राहावेत असं वाटत असेल तर लवकर.
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. नमस्कार. आशीर्वादाची धमकी प्रथमच वाचली.

वखारी जळाल्यावर खाडीचा उकिरडा झाला होता. गाळ आमच्या खात्याने काढला. आता बाकं आहेत, आइस्क्रीम आहे, पायडलच्या होड्या येतायत. लोक पाणी बघायला येतील, पाण्यात उतरायला नाही. पोहायला बंदीची पाटीही लागली आहे. ज्या पाण्यात कुणी उतरणार नाही त्याला पायऱ्या कशाला? पडलंच कुणी, तर दक्षिणेच्या धक्क्याला शिडी आहे.

दोरीची आठवण काढलीस ते बरं झालं. तू ती सैल सोडायचीस आणि माझ्या नाकातोंडात पाणी जाताना हसायचीस. पायऱ्या बंद करताना माझा हात थरथरला असं तुला ऐकायचं असेल. नाही थरथरला.

नव्या खाडीकाठाच्या उद्घाटनाला ये. मागच्या रांगेत जागा ठेवतो. लोभ आहे तेवढा पुरे.
धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, एकच.

दोरी सैल सोडल्याशिवाय कुणी पोहायला शिकत नाही. तू शिकलास. अक्कल तेवढी काठावर राहिली. तुझी पाटी एकदा पाण्यालाही वाचून दाखव.

उद्घाटनाला येईन. मागच्या रांगेत बसणार नाही.
ताई

२ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. डॉक्टर म्हणतात, तुझा घसा बसलाय, तुला बोलू देऊ नये. वाचायला हरकत नाही म्हणाले, म्हणून लिहिते. मध्ये तोंड घालता येणार नाही हे एक बरं.

उद्घाटनाच्या फोटोसाठी तू होडीत उभा राहिलास. होडीत उभं राहू नये ही पाटी राहिली वाटतं. तुझे साहेब उलटलेल्या होडीला धरून राहिले. तू पोहायला लागलास. शिडी जवळ होती, लोक शिडी शिडी म्हणून ओरडत होते. तू शिडीकडे पाठ केलीस आणि उत्तरेला निघालास. कुठे चाललास ते त्या गर्दीत मला एकटीला कळलं. भिंतीशी आलास आणि पायरी शोधत दगडावर हात आपटत राहिलास, नखं तुटेपर्यंत.

कठड्यावरून मी दोरी टाकली. ती माझ्या पिशवीत कशी, असं विचारशील. तुझ्या उद्घाटनाला मी दुसरं काय आणणार होते?

या वेळी सैल सोडली नाही. हसलेही नाही. दोरी दवाखान्यात तुझ्या खोलीत राहिली आहे. वाळवून पाठव.
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. नमस्कार.

दोरी पाठवतो. दवाखान्यात ती कमरेवरून कापून काढावी लागली. दोन तुकड्यांना गाठ मारली आहे. तुला पसंत पडणार नाहीच.

शिडी सोडून उलटा का गेलास, असं सगळे विचारतात. तुझी भावजयही. मी सांगतो, गोंधळलो. तसा मी गोंधळलो नव्हतो. तू ज्या वाटेची सवय लावलीस त्या वाटेने गेलो आणि मरायला टेकलो. तेव्हा आभार मानत नाही.

भिंत फोडायला सांगितलं आहे. जागेवर जाळीचं दार बसेल. त्याला कुलूप, किल्ली माझ्या ऑफिसात. तुझ्या वर्गाच्या वेळी शिपाई उघडून देईल. याहून जास्त मागू नकोस.
धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,

गाठ कच्ची होती. सोडून पुन्हा मारली.

कुलूप काढ. बुडणाऱ्याच्या खिशात किल्ली नसते. तुझ्याही नव्हती.

ते निघेपर्यंत आशीर्वाद माझ्यापाशीच राहतील.
ताई