फेस नक्की कुणाचा

५ नोव्हेंबर

रोजनिशी, माफ कर. मार्चपासून तुझ्याकडे फिरकलो नाही. ‘आता रोज लिहीन’ असं मार्चमध्ये तुझ्यातच लिहिलं होतं, आणि ते पान पुन्हा बघायची लाज वाटत होती. आज उघडली, कारण राग आलाय आणि तो घरात कुणापुढे काढता येत नाही.

विषय: मागच्या अंगणातला गरम पाण्याचा टब. उन्हाळ्यात घेतला. सासऱ्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. रोज गरम पाण्यात उभं राहून पाय हलवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. बायकोची एकच इच्छा आहे, यंदाची थंडी बाबांनी आपल्याकडे काढावी. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात. पण मेहुणी आणि तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, तेही त्यांना न्यायला टपलेत.

काल सासऱ्यांना टब दाखवायला सगळ्यांना जेवायला बोलावलं. झाकण काढलं, पाणी घुसळणारे जेट सुरू केले. पाण्यावर बोटभर फेस. कडेला राखाडी, चिकट वर्तुळ. साडूने हात मागे बांधून टबाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “साडूभाऊ, यात माणसं बसवायची की कपडे भिजवायचे?”

सगळे हसले. बायकोसुद्धा. सासरे फक्त मिशीत हसले, पण हसलेच.

संकल्प: महिनाअखेर पाणी असं करायचं की तळाच्या स्क्रूवरची खाच दिसली पाहिजे. मग साडूला बोलावून त्यात बसवायचं. बोलायचं काही नाही. नुसतं त्याच्याकडे बघायचं.

याला सूड म्हणता येईल का? विचार केला. नाही. सूड म्हणजे दुसऱ्याचं वाईट करणं. मी माझं चांगलं करतोय, फक्त त्याच्या नाकावर टिच्चून.

७ नोव्हेंबर

मी पॅकेजिंगच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. बिघाडाचं मूळ कारण शोधणं यावरच माझं पोट चालतं. साडू गाड्यांच्या सीट विकतो. दोघांत हा फरक आहे आणि तो दिसलाच पाहिजे.

तपासणीची पट्टी बुडवली. पीएच ठीक. अल्कलिनिटी ठीक. क्लोरीन ठीक. म्हणजे पाणी निर्दोष आहे. फिल्टर निर्दोष आहे हे तर मला माहीतच आहे, कारण तो मी स्वतः धुतो. दर रविवारी, भांडी घासायच्या लिक्विडने, त्याच्या कापडाची एकेक घडी ब्रशने उघडून. फेस दिसला की जास्त लिक्विड घेतो. बायको म्हणते, एवढं लिक्विड तर भांड्यांनाही लागत नाही. मी म्हटलं, स्वच्छतेत काटकसर करणाऱ्यांतला मी नाही.

पाणी निर्दोष, फिल्टर निर्दोष. उरली माणसं.

९ नोव्हेंबर

पहिला संशय: बायको. रात्री लावायचं क्रीम. अत्यंत शांतपणे समजावून सांगितलं. ती म्हणाली, टब आणल्यापासून ती त्यात दोनदा उतरली आहे. मी म्हटलं, दोनदा पुरतं.

भिंतीकडे तोंड करून झोपली. मूळ कारण शोधणाऱ्याला घरात मित्र नसतात, हे ऑफिसात शिकलोच होतो.

१२ नोव्हेंबर

दुसरा संशय: मुलगी. कॉलेजात गेल्यापासून तिच्या डोक्याला तीन प्रकारचं काहीतरी लागतं. शिवाय पोहण्याचा ड्रेस मशीनला लावते, त्यात पावडर राहते. नियम केला: टबात उतरायच्या आधी नीट शॉवर घ्यायचा. मी दाराबाहेर उभा राहून पाण्याचा आवाज ऐकणार.

ती म्हणाली, “बाबा, विमानात बसायला इतकं चेकिंग नसतं.” आणि टबात उतरलीच नाही. उत्तम. एक संशयित कमी.

सगळं पाणी सोडलं. टब पुसला. फिल्टर दुप्पट लिक्विडने धुतला. नवं पाणी भरलं. जेट लावले.

फेस.

कुणीही उतरलेलं नव्हतं. यावर बराच वेळ विचार केला. त्या दिवशी साडूने कडेवरून वाकून पाण्यात बोट फिरवलं होतं, ते आता आठवतंय. पाणी बदललं हे खरं, पण पाइपांत काय काय बसून राहतं कुणाला माहीत. माणूस हसता हसता काहीही टाकू शकतो.

पुरावा नाही, म्हणून आरोप करत नाही. फक्त नोंद.

१६ नोव्हेंबर

सासरे राहायला आले. बायकोने खोलीतला पलंग खिडकीशी सरकवला, बाथरूमला आधाराचा दांडा बसवून घेतला. सकाळपासून गुणगुणतेय. असं तिला फार दिवसांत ऐकलं नव्हतं. आठवड्याभराचा राग एका सकाळीत विसरली, आणि मीही तो विसरू दिला.

दुपारी सासऱ्यांच्या खोलीत गेलो. ते गुडघ्यांना तेल चोळत होते. दाट, पिवळं, लाकडाच्या वखारीसारखा वास येणारं. सकाळ-संध्याकाळ दोनदा लावतात म्हणे.

मी त्या बाटलीकडे बघतच राहिलो.

१७ नोव्हेंबर

सासऱ्यांशी बोललो. अत्यंत आदराने. टबात उतरायच्या आधी साबण, मग खरखरीत कापडाने पाय घासणं, मग शॉवर. टबाच्या दिवशी तेल नाही. टब रोज आहे, म्हणजे तेल नाहीच.

“बरं,” म्हणाले.

१९ नोव्हेंबर

फेस तसाच. फिल्टर रविवारचा धुतला, जरा जास्तच जोर लावून. फेस मारायचं औषध घातलं. फेस बसला, पण वर्तुळ दोन बोटं रुंद झालं.

रात्री जेवताना सांगितलं की तेल कातडीत मुरतं, वर्षानुवर्षं निघत नाही. सासरे म्हणाले, “बरं.” बायकोने वाटी जरा जोरात ठेवली. नंतर स्वयंपाकघरात मला ऐकवलं: बाबा बाथरूममध्ये दांडा धरून उभे राहून गुडघे घासतात, लाल होईपर्यंत. मी म्हटलं, मी घासा म्हटलं, लाल होईपर्यंत म्हटलं नव्हतं.

माझं चुकलं का? प्रामाणिकपणे तपासलं. सूचना स्पष्ट होती. अंमलबजावणीत अतिरेक झाला.

२३ नोव्हेंबर

साडूने टब घेतला. आमच्यापेक्षा मोठा. तोही मला न सांगता. सासऱ्यांना फोन करून सांगितलं की इकडे तेल लावून या, वाटलं तर आंघोळ न करता या. स्पीकरवर होता. मुलगी हसली.

२५ नोव्हेंबर

साडू येऊन सासऱ्यांना घेऊन गेला. बायकोने बॅग भरली. सासरे दारात माझ्याकडे वळून म्हणाले, “जावईबापू, आता तुमचं पाणी स्वच्छ राहील.”

टोमणा असता तर परतवला असता. टोमणा नव्हता.

बायको संध्याकाळी अंगणात गेली, टबाचं झाकण लावलं आणि त्यावर बसून राहिली. मी आत दिवा लावून ठेवला.

हे सगळं साडूचं काम. आधी माझं हसं केलं, मग बोट बुडवलं, मग टब घेतला, मग सासरे नेले. पायरी-पायरीने. आता मी त्याची जिरवणार. हो, आता हा सूडच. शब्दाला घाबरत नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

बायको मुलीला घेऊन बाहेर गेली. लॅपटॉप उघडला. दुसऱ्याच्या टबात, कुणाला कळू न देता, कायमचा फेस कसा करावा, असं शोधलं. (शोध तसाच लिहिला. आडपडदा ठेवून उपयोग नसतो.)

पहिलंच उत्तर: फिल्टर भांडी घासायच्या लिक्विडने धुवा. साबण घड्यांमध्ये मुरतो. कितीही पाणी बदललं तरी हळूहळू टबात उतरत राहतो. जितकं जास्त घासाल तितका जास्त फेस.

 मग लॅपटॉप बंद केला. मग उघडून पुन्हा वाचलं.

टबाचं मॅन्युअल काढलं. त्यातही आहे. पण मागून दुसऱ्या पानावर आणि बारीक अक्षरांत. ज्या कंपनीला एवढी महत्त्वाची गोष्ट पहिल्या पानावर छापता येत नाही, तिच्या क्वालिटी विभागाबद्दल काय बोलावं.

नवा फिल्टर आणला. पाइप धुऊन काढले. पाणी बदललं. रात्री जेट लावले.

तळातल्या स्क्रूवरची खाच दिसते.

घरात काही बोललो नाही. आत्ता बोललो तर सगळे म्हणतील की बघा, याचंच होतं. तो वाद नको. आणि शिवाय आता माझ्याकडे पक्की माहिती आहे, जी साडूकडे नाही.

३० नोव्हेंबर

शनिवारी साडूने सगळ्यांना बोलावलंय. प्रवासातल्या शांपूची एक इवलीशी बाटली धुऊन त्यात लिक्विड भरलं. चमचाभर. तब्येतीला अपाय नाही, वाचून खात्री केली. टब आठवडाभर फेसाळेल, साडू डोकं खाजवेल, सासरे कंटाळून परत येतील, बायको पुन्हा गुणगुणेल. म्हणजे खरं तर मी हे बायकोसाठीच करतोय.

हे वाक्य परत वाचलं. खोडलं नाही, पण पुन्हा तिकडे बघतही नाही.

२ डिसेंबर

साडूकडे. बाटली पोहण्याच्या चड्डीच्या खिशात.

सासरे टबात उभे होते. दांडा धरून एक पाय, मग दुसरा. आमच्याकडे होते तेव्हापेक्षा गुडघा बराच वर जात होता. बायको कडेला पाय सोडून बसली होती आणि त्यांना ‘लेफ्ट, राइट’ म्हणत होती. सासरे म्हणत होते की मास्तरीणबाई, दमलो. दोघं हसत होते. पाणी स्वच्छ. तेलाचा वास सगळ्या अंगणात.

मी ठरवलं, नाही करायचं. इथे स्पष्ट नोंदवतो: नाही करायचं असं मी ठरवलं होतं.

साडू म्हणाला, “साडूभाऊ, उतरा. आमच्याकडे चेकिंग नाही.” उतरलो. बाटली कुठे ठेवणार, खिशातच राहिली. बसलो, मेहुणीने जेट लावले, आणि खिशात काहीतरी टक्कन झालं.

फेस आधी माझ्याभोवती आला. मग सगळीकडे. मग कडेवरून खाली.

साडू हसला नाही. त्याने जेट बंद केले, वाकून बघितलं, म्हणाला, नवीन आहे, होतं असं, उद्या कंपनीला फोन करतो. मी ज्याची महिनाभर वाट बघितली तो चेहरा समोर होता, आणि तो नुसता काळजीत पडलेला चेहरा होता.

सासऱ्यांनी फेसाकडे बघितलं. दांडा धरला आणि वर चढायला लागले. म्हणाले, “माझंच तेल. मी सांगत होतो, मला नका बसवू म्हणून.”

साडू म्हणाला, “बसा हो बाबा. फेसाने काय होतंय.”

“नको. आधी त्यांचं पाणी घालवलं, आता तुमचं. मी आपला माझ्या घरी बरा.” पायरीवर गुडघा अडकला. बायकोने धरलं.

मी तोंड उघडलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “वारा आहे, टॉवेल घ्या.”

३ डिसेंबर

सासरे उद्या स्वतःच्या घरी जातायत. दहाला साडू सोडणार. तिथे टब नाही, दांडा नाही, कुणी नाही.

बायकोने ओले कपडे मशीनला लावताना खिसे तपासले. बाटली टेबलावर आणून ठेवली. झाकण नव्हतं. वास घेतलाच असणार, तो आमच्या सिंकवरचाच वास आहे. मी फिल्टरचंही सांगितलं, सगळं, मॅन्युअलच्या बारीक अक्षरांसह. ती उभी राहून ऐकत होती.

मग म्हटलं, बाबांना काय सांगायचं ते लिहून काढतो. लिहिलं: ‘फिल्टरच्या देखभालीबाबत माहितीच्या अभावामुळे साबणाचा अंश पाण्यात राहिला, त्याचा तेलाशी संबंध नाही.’ वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “यात ‘मी’ कुठे आहे?”

कागद फाडला. दुसरा घेतला. ‘मी’ लिहिलं. त्याच्यापुढे अजून काही सुचलेलं नाही. मागे टबात पाणी आहे, गरम, स्वच्छ. कुणी उतरलेलं नाही.

उद्या: दहाच्या आत साडूकडे जाणे.