झाडाला रक्त आलं त्याची हकिकत

नाटे, ता. १४ एप्रिल १९५५

मेहेरबान हारुनमामू यांस भाचा वजीर याचा अदबीने सलाम. घरी सगळे बरे आहेत. कनीजमामीचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो आणि तोंड पूर्वीइतकंच चालतं. मुंबईच्या हवेत तुमचा खोकला कसा आहे ते कळवावं. मीही खुशाल आहे असं लिहिलं असतं, पण परवापासून उजव्या तळहातावर फोड आले आहेत (अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे, शाळा बुडवल्यामुळे नव्हे).

तुमची अट मी विसरलो नव्हतो. मासेमारीच्या नव्या मचव्याच्या कण्यासाठी ऐनाचं उभं झाड मी स्वतः ओळखून निवडायचं, तरच जन्नतशी माझा निकाह. ज्याला लाकूड कळत नाही त्याच्या घरात मुलगी देणार नाही, असं तुम्ही दहा माणसांत बोललात. मामू, अंधारात हात लावून मासळीतली सुरमई कुठली नि तोवर कुठली ते मी सांगतो, पण मला सगळी झाडं सारखीच हिरवी दिसतात. म्हणून महिनाभर आपल्या धाकू सुताराच्या मागे लागून शिकलो. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. पान उलटलं की देठाजवळ दोन बारीक गाठी. आणि भर उन्हाळ्यात खोडाच्या फुगवट्यावर घाव घातला की आतून पाणी उडतं, माणसाने प्यावं असं.

एवढी विद्या घेऊन मंगळवारी वरच्या गावात केरू कुळवाड्याकडे गेलो. झाडं त्याचीच. पाहतो तर एकाही झाडावर पान नाही (चैत्रात पानं गळतात हे धाकूने सांगायला नको होतं का?). तरी बांधावरच्या एका खोडाला भेगा दिसल्या. मी बोट दाखवून ठणकावून सांगितलं, हा ऐन. वर सगळ्यांना पाणी पाजतो म्हणालो आणि लोटा मागवला. केरूने रीतीप्रमाणे नारळ ठेवला, झाडाला लोखंड लावतो आहोत त्याची माफी मागणारं गाऱ्हाणं घातलं, चारपाच जण "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि मी कुऱ्हाड मारली.

मामू, झाडाला रक्त आलं. लालभडक, दाट, घावातून थेंब थेंब ओघळत होतं. रोज मुशी मासे कापणारा मी, कुऱ्हाड टाकून कलमा पढू लागलो. देवाने गाऱ्हाणं नामंजूर केलं, आता मचवा गेला, निकाह गेला आणि बहुधा मीही गेलो, असं मला खरंच वाटलं. केरू मात्र शांतपणे विडी पेटवत म्हणाला, "ह्यो बिवळा हाय, मालक. त्यास रगतच येतं."

मग आधी का नाही बोललास, असं मी विचारलं. तर म्हणतो, "तुमी आयन म्हनलात. येवड्या ठाम बोलनाऱ्या मानसास खोटा कोन पाडील?"

पलीकडच्या बांधावर खरा ऐन होता. त्याच्या पायथ्याच्या वाळक्या पानांवर दोन्ही गाठी मी मोजून पाहिल्या, आणि घाव मीच घातला. पाणी थेट नाकात गेलं. झाडाला चुन्याची खूण करून आलो आहे. रक्ताची बातमी एसटीने माझ्याआधी बंदरावर पोचली, तेव्हा तुमच्याही कानावर आली असेल. एका चुकीवरून मला नालायक ठरवू नये.

तुमचा आज्ञाधारक,
वजीर

ता. क. यातलं काही जन्नतला कळवू नये असं लिहिणार होतो, पण तिला सगळं आधीच कळलंय. ती दोन दिवस हसते आहे.

दुसरा ता. क. आता नजर तयार झाल्यावर दिसेल ते लाकूड तपासायची खोड लागली आहे. तुम्ही स्वतः पारखून आणलेला घराचा सागवानी दरवाजा, ज्याला मामी दर शुक्रवारी खोबरेल चोळते आणि येईल त्या पाहुण्याला दाखवते, तो काल आतून नखाने खरवडून पाहिला. मामू, तो फणसाचा आहे. धाकूला विचारलं, तर म्हणाला, फळी आली त्याच दिवशी ओळखली होती, पण तुम्ही फार ठाम बोललात. मामीला अजून सांगितलेलं नाही. ईदनंतरची, पाऊस लागायच्या आतली निकाहाची तारीख उलट टपाली कळवावी.