शंभर निर्विघ्न दिवस

दि. ३ मार्च

नाक्यावरच्या फलकावर आज ८६ हा अंक स्वहस्ते रेखाटला. सहाचे पोट अंमळ सुटले – माझ्याशी साधर्म्य वाढले!

लाकडाच्या चार वखारी, आरोग्यकेंद्र, पोलीस चौकी आणि गल्लीतले रहिवासी यांची मिळून आमची 'इजा-प्रतिबंध सहकार समिती'. चिटणीस अस्मादिक, उदरनिर्वाहार्थ वाचनालयाचा ग्रंथपाल. जिल्हा कार्यालयाचा नियम असा, की ज्या गल्लीत सलग शंभर दिवस कामावर एकही इजा होणार नाही, तिथल्या प्रत्येक करवतीला पोलादी झाकण विनामूल्य मिळेल. म्हणजे जो न बुडता नदी पार करील, त्याला पैलतीरावर तरंगण्याचे टायर! समितीत हा विनोद सांगितला. कोणी हसले नाही. नियमाचे मात्र एकमताने स्वागत झाले.

दि. ४ मार्च

८७. निर्विघ्न.

दि. ५ मार्च

थोरल्या वखारीचे शेठ प्रथमच वाचनालयात पायधूळ झाडते झाले. पुस्तक नको होते. दार लोटून म्हणाले, "चिटणीससाहेब, तुमच्या मेहुण्यांची दोन बोटं गेली."

मेहुणे म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान. वीस वर्षे करवतीवर. गेलो तेव्हा भुशाच्या गोणीवर बसलेले, उजवा हात फडक्यात. भूसा रक्त फार तत्परतेने शोषतो – आज कळले.

शेठ म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी झाले हो. आता परत शून्य लिहिणार?"

उत्तर मेहुण्यांनीच दिले, दात आवळून – "दादा, बाराच दिवस राहिलेत. माझी गेली ती गेली. बाकीच्यांची तरी वाचू देत."

असे औदार्य मी ग्रंथांबाहेर क्वचितच पाहिले. त्यावर माझी भर एवढीच – "मग आरोग्यकेंद्रात जाऊ नका. सिस्टर करवतीची जखम लांबून ओळखतात." हे वाक्य माझे. शेठनी कपाटातली पावडर भुरभुरली, पट्टी बांधली. फलकावर मी ८८ लिहिले. दोन्ही आठ सुबक आले.

दि. ६ मार्च

गल्ली आंधळी नाही. पट्टी दिसली, प्रश्न सुरू झाले. सबब समितीच्या वहीत 'घरगुती इजा' या सदरात नोंद करणे प्राप्त. घरगुती इजांनी फलकाचा अंक ढळत नाही. घरी लाकूड फोडताना कोयता लागला, असे ठरवले. परंतु तर्क आडवा आला! उजव्या हाताने कोयता धरणाऱ्याची उजवीच बोटे कशी तुटावीत? असत्यालाही अंतर्गत सुसंगती हवी. अर्धा तास विचार करून लिहिले – 'काष्ठच्छेदनसमयी पत्नीहस्तस्थित कोयत्याचा अनवधानाने आघात.' वाक्य जमले. दोनदा मोठ्याने वाचले.

बहिणीला हा तपशील सांगितला नाही. तिने एवढेच विचारले, "दादा, धनुर्वाताची सुई तरी घ्यायला हवी ना रे?"

"सतरा तारखेला, शंभर भरले की दोन घ्या म्हणावं," मी म्हणालो.

दि. ९ मार्च

९२. मेहुणे डाव्या हाताने जेवू लागले. त्यांना 'सव्यसाची' ही पदवी बहाल केली. ते हसले. बहीण ताट उचलून आत गेली.

दि. १३ मार्च

९६. मेहुण्यांचा जबडा आखडलाय. बोलणे दातांतून. म्हटले, "चला, शंभराव्या दिवशी तुमच्या भाषणाचं भय नाही!"

बहीण म्हणाली, "पुरे कर रे! घोटभर पाणी जात नाहीये त्यांच्या घशाखाली."

दि. १४ मार्च

सकाळी मेहुण्यांची पाठ धनुष्यासारखी वाकली. उपमा नव्हे, प्रत्यक्ष. टाचा आणि डोके अंथरुणावर, बाकी देह अधांतरी. कपबशी वाजली तरी झटका येई. वखारीच्या टेम्पोतून जिल्हा रुग्णालयात नेले. प्रत्येक खड्ड्याला एक झटका. डॉक्टर ओरडले, "सुई का नाही दिली? कोणत्या काळात राहता तुम्ही लोक?" बहीण माझ्याकडे पाहत राहिली. मी भिंतीवरच्या सूचना वाचत राहिलो. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका होत्या.

मेहुणे आता यंत्रावर. परत येऊन ९७ लिहिले.

दि. १६ मार्च

९९. घरगुती इजांची प्रत दर आठवड्याला चौकीकडे जाते – परस्परसहकार्य! आज महिला हवालदार रुग्णालयात अवतरल्या. माझे वाक्य बोट ठेवून ठेचकाळत वाचले. मग बहिणीला म्हणाल्या, "पत्नीहस्त म्हणजे तुमचाच ना हो बाई? भांडण झालं होतं का?"

"कसला कोयता?" बहीण म्हणाली. "करवतीवर लागलंय त्यांना. विचारा वखारीत!"

"विचारलं. शेठ म्हणतात, त्या दिवशी ते कामावर आलेच नव्हते."

मग ती माझ्याकडे वळली. "दादा, हे कोणी लिहिलं? तू होतास ना तिथे? सांग ना यांना!"

"उद्याचा कार्यक्रम होऊ दे," मी म्हणालो. "परवा सविस्तर सांगतो."

लहानपणी माझ्या खोड्यांबद्दल मार खायची, तेव्हाही तिने माझ्याकडे असे पाहिले नव्हते.

दि. १७ मार्च

१००! अधिकारी आले, हार झाले. तेरा करवतींवर तेरा झाकणे बसली. नवे पोलाद, देखणे. तरुण कामगारांनी हात घालून पाहिले – पात्यापर्यंत बोट पोहोचतच नाही! टाळ्या. अधिकाऱ्यांनी हसत बजावले, "नोंद खोटी निघाली तर झाकणं परत नेऊ हं!" तेरा करवती, सव्वीस हात. गणित निर्विवाद आहे. दुपारपर्यंत तेच करत बसलो.

एक कामगार जवळ येऊन म्हणाला, "साहेब, तुमच्या मेहुण्यांचं कळलं. बाईमाणूस असून असं करावं?"

'नाही' म्हणायला तोंड उघडले. तेवढ्यात शेठनी त्यात पेढा कोंबला. चावला. गिळलाही.

दि. १८ मार्च

मेहुणे पहाटे गेले. चौकीत मला एकच प्रश्न – "नोंद खरी?" बहीण समोरच्या बाकावर होती. सही केली.