गवत कापायचं यंत्र आणि दोन कासरे

बाबा,

आपल्या संत्र्याच्या बागेत मी गवत वाढू दिलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या कपाळाला आठी पडायची ती एकदाच पडेल. तुम्ही असताना झाडांच्या दोन ओळींमध्ये हरळीची काडी जरी दिसली तरी पाहुण्यांसमोर तुमची मान खाली जायची. बाग अंगणासारखी लख्ख पाहिजे, असं म्हणायचात, आणि वखराच्या पाळ्या घालून घालून ती तशी ठेवायचातही. आता मधल्या पट्ट्यात घोट्याच्या वर गवत येतं. मी ते उपटत नाही, वखरत नाही, वरच्यावर कापते आणि तिथंच पडू देते. हे लिहिते आहे ते बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसून. थंडीचे दिवस आहेत, गवतावर दव आहे, आणि ओलं गवत यंत्राच्या पात्यांखाली गोळा होऊन बसतं, म्हणून ऊन वर येईपर्यंत थांबावं लागतं. हात रिकामे होते, तर तुमच्याशी बोलायला बसले.

अमरावतीच्या कचेरीतली नोकरी संपवून मी गेल्या उन्हाळ्यात गावी आले, मायजवळ. भाऊ बडनेऱ्याला रेल्वेत आहे, त्याला रोज इकडे येणं जमत नाही. त्याचं म्हणणं होतं की बाग बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, देऊन टाकावी. "ताई, तुया पाय असा, बागेत सारे गड्डे. पडलीस बिडलीस तं माया जिवाले घोर," असं म्हणायचा. मायेनंच म्हणायचा, पण माझं डोकं फिरायचं. उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेला तो गेला, पण तेव्हापासून सगळ्या जगानं माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे. लग्नघरी गेलं की खुर्ची, शाळेत कवायतीच्या तासाला खुर्ची, कचेरीत तर काय, खुर्चीचाच पगार. निदान स्वतःच्या बागेत मला खुर्ची नको होती. करीन तर माझ्या हातांनी करीन, नाहीतर खुशाल दे बटईनं, असं भावाला तडकाफडकी सांगून मोकळी झाले, आणि मग घरी विचार करत बसले की माझ्या हातांनी म्हणजे नेमकं कशानं. बैल कधीचे गेले. मोठ्या ट्रॅक्टरवर मला चढवायलाच दोन माणसं लागतात. आणि संत्र्याची माहिती असलेले लोक तर आता सांगतात की वखरूच नका, गवत राहू द्या आणि कापत जा. म्हणजे मला हवं होतं गवत कापायचं यंत्र, आणि तेही बसून चालवायचं.

अकोल्याला शेतीच्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं होतं. भाऊ आणि मी बडनेऱ्याहून गाडीत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत तो मला समजावत होता आणि तिथून अकोल्यापर्यंत रुसून बसला होता. प्रदर्शनात अशी दोनच यंत्रं होती, शेजारी शेजारी उभी. एक लॉन ट्रॅक्टर, म्हणजे आपल्या ट्रॅक्टरचं शेंडेफळ म्हणा ना. तसंच पुढे बोनेट, तसंच गोल स्टिअरिंग, मागे लहानशी ट्रॉली जोडायला आकडा. भावाला ते पाहताक्षणी आवडलं. तोडणीच्या वेळी संत्र्याचे क्रेट त्याच ट्रॉलीत वाहून आणता येतील, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. दुसऱ्या यंत्राला झिरो टर्न म्हणतात, कारण ते जागच्या जागी वळतं. त्याला ना बोनेट, ना स्टिअरिंग. सीटच्या दोन्ही बाजूंनी मांडीवर येणारे दोन दांडे, बस. बाजेवर इंजिन ठेवल्यासारखं ध्यान. भाऊ म्हणाला, "हे कायचं वं? याले तं तोंडच नाही." विकणारा तरुण नागपूरचा होता, बोलायला गोड, पण सगळं बोलायचा ते माझ्या डोक्यावरून भावाशी. लॉन ट्रॅक्टरच घ्या सर, एखादा ड्रायव्हर ठेवा, मॅडमनी बाजूला आरामात बसून लक्ष द्यायचं. भाऊही लगेच म्हणाला, हो, एक चांगली खुर्ची टाकू बांधावर. इतक्या लांब अकोल्याला येऊनही खुर्चीनं मला गाठलंच.

मी त्या तरुणाला विचारलं, लॉन ट्रॅक्टर पायानं चालतो का. तो म्हणाला, हो मॅडम, उजव्या पायाच्या पॅडलनं पुढे-मागे. आणि हे दुसरं? ते पूर्ण हातावर आहे. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्या चाकाचा. डावं चाक रोखलं की यंत्र डावीकडे वळतं, उजवं रोखलं की उजवीकडे. बाबा, तो बोलत होता आणि माझे तळवे आपोआप मिटत होते. मी कुबडी भावाच्या हातात दिली आणि म्हटलं, मला यावर बसव.

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही मला वखरावर बसवायचात. इतर पोरी निंदायला जायच्या, मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून मातीत रेघा ओढायची, आणि एक दिवस तुम्ही मला उचललंत आणि वखराच्या लाकडी खोडावर ठेवलंत. खाली माती कापणारी लोखंडी पास, पुढे तांबडा आणि पांढरा, आणि माझ्या दोन हातांत दोन कासरे. तुम्ही मागून वखराचा दांडा, आपलं रुमणं, धरून चालायचात. बैलांचा कासरा माझ्या हाताला काचतो हे तुम्ही पाहिलंत, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी अंबाडीचे बारीक कासरे वळून आणलेत. हातात धरायच्या टोकांना तुमच्या जुन्या धोतराचं कापड गुंडाळलेलं होतं. मला त्या आधी आणि नंतर लोकांनी बरंच काही दिलं, पण माझ्या हाताचं माप घेऊन कुणी काही केलं नव्हतं. धुरा आला की मागून तुमचा आवाज यायचा. "डावा वढ. उजव्याले ढील दे. हयू. जागच्या जागी नको वयवू, खुर रुतते." आतला बैल जवळजवळ थांबायचा, बाहेरचा त्याच्याभोवती फिरायचा, आणि आख्खी जोडी एवढ्याशा जागेत वळून पुढच्या ओळीला लागायची. ती मी वळवलेली असायची. दिवसभर पाय ओढत फिरणारी मी तेवढ्यापुरती आठ पायांची धनीण असायची.

एकदाच तुम्ही माझ्यावर ओरडलात. झाडाखालून ससा निघाला, पांढरा बुजला, आणि मी घाबरून दोन्ही कासरे टाकून तोंड झाकून घेतलं. जोडी आडवी घुसली आणि त्या वर्षी लावलेलं एक रोप मोडलं. तुम्ही धावत पुढे जाऊन बैल धरलेत. परत आलात तेव्हा तुमचे दंड थरथरत होते. मला वाटलं, रागानं. "भेव लागलं तं लागू दे. रडाचं असन तं रड. पन कासरा सोडाचा नाही, काय वाट्टेल ते झालं तरी." मी रडले, आणि रडत रडतच पुढची ओळ केली. रोपाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

अकोल्याला ते यंत्र सुरू झालं तेव्हा हेच झालं. दांडे फार हलके निघाले. मी जरा पुढे ढकलले तर यंत्र ताडकन निघालं, भाऊ मागून ओरडायला लागला, "सोड! ताई, सोड ना!" मी सोडले नाहीत. हळूच मध्यावर आणले, यंत्र उभं राहिलं, श्वास घेतला, परत निघाले. हिरवळीचा तुकडा संपला तिथं डावा दांडा मागे ओढला, उजवा थोडा पुढे राहू दिला, आणि ते बिनतोंडाचं यंत्र शहाण्या जोडीसारखं वळलं. परत आले तेव्हा भावाच्या हातात कुबडी तशीच होती आणि त्याचं तोंड उघडं होतं. विकणाऱ्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे बघून विचारलं, मॅडम, आधी कुठं चालवलंय का? म्हटलं, लहानपणी. तो बिचारा अजून त्याचा अर्थ लावत असेल.

पण तिथल्या तिथे घेऊ शकले नाही, कारण भावाच्या शंका रास्त होत्या. याला क्रेट ओढता येणार नाहीत. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत हे रुतून बसेल, जमीन सुकून वाफसा येईपर्यंत हलणार नाही. ते सगळं मला मान्य होतं. आणि खरं म्हणजे माझ्या मनात वेगळंच एक कुसळ होतं, ते त्याला सांगता येत नव्हतं. मी तेव्हा वखरावर का बसत होते? चुलतभाऊ एकदा शाळेच्या वाटेवर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "वखर मातीत धसाले लोक दगड ठेवते, हिच्या बापानं हिले ठेवलं. दुसऱ्या कोन्त्या कामाची हाये?" ठेवतातच ना दगड वखरावर, कडक जमिनीत. मी पाहिलेलं होतं. ते एक वाक्य मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत बरोबर नेलं. तुम्हाला विचारायचं राहिलं, आणि मग तुम्हीच राहिला नाहीत. त्या यंत्रावर बसून मी जे वळले, ते तुम्ही शिकवलेलं होतं, की एका दगडाला सवयीनं आलेलं, हे मला कळत नव्हतं.

घरी आलो तेव्हा माय ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. भावानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गवत ठेवाले मशीन? तुये बाबा असते तं बागेत पाय नसता ठेवला." मी आधीच थकलेली होते, माझ्या तोंडून निघून गेलं, बाबांना काय, त्यांना वखरावर ठेवायला दगड पाहिजे होता, तो मिळाला. मायच्या हातातली शेंग तशीच राहिली. कोण म्हणालं म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. चुलतभावाच्या नावानं तिनं जे काही म्हटलं ते इथं लिहीत नाही. मग म्हणाली, "दगड? संत्र्यात कायले पायजे वं दगड? संत्र्याची मुयं वरच्यावर असते. वखर वरवर चालवा लागते, खोल गेला की मुयं तुटते. तू बसली की वखर खाली दबे. मंग तुये बाबा मागून रुमनं उचलून धरत, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, आख्खा दिवस. रोज राती खांद्याले जवसाचं तेल मीच चोयलं ना. मी म्हनो, कावून बसवता तिले, खांदे चालले तुमचे. तं म्हनत, राहू दे, तिचे हात चांगले हाये."

एवढं सांगून ती परत शेंगा सोलायला लागली, जणू काही सगळ्यांना माहीतच असलेली गोष्ट. भाऊ उठून आत गेला. मी तिथंच बसले आणि खूप रडले, बाबा. जवसाच्या तेलाचा तो वास मला आजही येतो. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांच्या खांद्यांना रात्री तसा वास येतो. तुमचे दंड त्या दिवशी का थरथरत होते तेही कळलं. मी बसले होते म्हणून काम सोपं होत नव्हतं, जड होत होतं, आणि ते जड काम तुम्ही दिवसभर हातांवर तोलून धरत होता, कारण पुढे बसलेल्या पोरीच्या हातांत कासरे असावेत असं तुम्हाला वाटत होतं. मला पाठमोरीला ते दिसणं शक्यच नव्हतं. तुम्ही एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असा रागही आला. पण सांगितलं असतं तर मी उतरून धुऱ्यावर जाऊन बसले असते, हेही तितकंच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी भावानंच त्या नागपूरच्या तरुणाला फोन केला. "ते बिनतोंडाचं पाठवा," म्हणाला. क्रेट अजून भाड्याच्या गाडीनं आणावे लागतात, आणि पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवावं लागेल, त्याची मला कुरकुर नाही. पहिल्या दिवशी मी हौसेनं जागच्या जागी गरकन वळवलं, तर चाकानं गवत सालपटासारखं सोलून काढलं आणि खालची काळी माती उघडी पडली. तुमचा आवाज ऐकू आला, हयू, जागच्या जागी नको. आता थोडं पुढे-मागे करून वळवते. झाडाच्या बुंध्यापासून हातभर लांब राहते, सालीला लागलं तर डिंक्या रोग धरतो. संत्र्याच्या मुळांना आता कुणाचाच धक्का लागत नाही, आणि तुम्ही दिवसभर रुमणं उचलून जे सांभाळत होता तेच मी गवत ठेवून सांभाळते आहे. पाहुण्यांनी नाकं मुरडली तर मुरडू देत. माय कधी मधी काठी टेकत धुऱ्यापर्यंत येते, बघते, आणि "गवतच हाये अजून" एवढंच म्हणून परत जाते.

ऊन वर आलं, गवत सुकलं असेल. हे पान घडी करून इथंच डिझेलच्या कॅनखाली ठेवीन, पुढच्या वेळी हात पुसायला होईल. एक तेवढं सांगायचं राहिलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी, वळायच्या आधी, मी मान वळवून मागे बघते. गवत सारखं कापलं गेलं का ते पाहते, असं मी सगळ्यांना सांगते. परवा भाऊ म्हणाला, "ताई, मान दुखन तुयी, मी आरसा लावून देतो ना त्याले." मी नको म्हटलं. आरशात नजर टाकली की लगेच कळेल, मागे कुणी नाही. मान पूर्ण वळेपर्यंतचा तो जरासा वेळ मला हवा असतो.