रिठदच्या इवायाची वाकडी बोटं

आधी हे सांग, पत्रात अर्धीच गोष्ट काहून लिवली? तुह्यापायी घरातल्या साऱ्याइचे दात आंबले!

चि. चंपतले आजी आवडाबाईचा आशीर्वाद. आमी बरे हावो, म्हैस बी बरी हाय. नागपूरले डाक्टरी शिकून राह्यला तं पोटभर जेवत जा.

आता ऐक. तुह्या बहिणीले, पंचफुलाले, पाहाले रिठदचे पंजाबराव पोराले घेऊन आले होते. पोरगी चुलीपाशी लय येळ फुंकणी फुंकत बसली, अन् चहा घेऊन आली तं बोटं कोंबडीच्या पायावानी आखडलेली. कपबशा पंजाबरावच्या धोतरावर! थो म्हने, 'फेपरं हाय!' अन् बैलं जुंपून चालता झाला. फेपऱ्याचं नाव पडलं का पोरगी जलमभर घरात. म्हनून तुले इचारलं.

तू लिवलं, का लय फुंकलं तं रक्तातला आंबटपणा घटते, मंग एक शीर दुसरीले बिनकामाचेच सांगावे धाडत बसते (तुह्या मावशीवानी), अन् बोटं वळतात. आंबटपणा घटला ना? मी पोरीले चिंच, आंबाडीची भाजी, आंबट ताक, सारं चारलं. तिच्यासंगं आमी बी खाल्लं. मंग दुसऱ्या पत्रात म्हनतं, का थो आंबटपणा खाऊन येत नाही, श्वासासंगं जाते. पिशवीत तोंड घालून तोच श्वास परत घ्याचा! हे आधी लिवाले दौत आटली होती काय?

मी बी हटली नाही. पंजाबरावले पुन्हा बलावलं. म्हनलं, "इवाई, आमची पोरगी फेपऱ्याची, तं चहापुरती चूल तुमीच फुंका." गडी इरेले पेटला. ओल्या लाकडावर इतकं फुंकलं का त्याचीच बोटं वाकडी! थो बोंबलला, "देवरुशी आना!" मी गुळाची कागदी पिशवी त्याच्या तोंडाले लावली (मिशीले गूळ, गुळाले मुंग्या). घडीभरात बोटं सरळ. म्हनलं, "आता तुमाले बी फेपरं हाय म्हनू का?" लगीन पक्कं झालं.

ता. क. काल चूल पेटवताना ध्यानात आलं. पोरगी पाहाले आले त्या रोजची सरपणाची पऱ्हाटी तं वाळून कडकडीत होती, धूर बी नव्हता. मंग पोरगी फुंकत काय होती? पंचफुलाले दरडावलं. म्हने, पोरगा पसंत नव्हता, अन् बोटं वळवाची युक्ती दिवाळीत दादानंच शिकवली.

आनखी ता. क. डाग गेला, बेस झालं. दुसरा साजरा पोरगा पाहू. पन ज्याले चुलीपुढं रडवलं त्याले 'नाही' म्हनाले माही जीभ रेटत नाही. युक्ती तुही, नकार बी तुहा. रिठदले तूच लिव. तुह्याऐवजी तुह्या बापानं थो कागद लिवाले घेतला, तं त्यालेच फुंकणी देऊन बसवीन.